स्तनवृद्धीच्या ऑपरेशननंतर : पहिल्या रात्रीपासून सहाव्या महिन्यापर्यंत

इम्प्लांट (सिलिकॉनच्या आवरणाची पिशवी) घालून स्तनांचा आकार वाढवण्याचं ऑपरेशन झालं की पुढच्या दिवसांत एक कसोटी हाताशी ठेवा. जे दोन्हीकडे जवळपास सारखं आहे आणि दिवसागणिक थोडं थोडं उतरतंय, तो बहुतेक वेळा बरं होण्याचाच भाग असतो. जे एकाच बाजूला आहे, अचानक आलंय किंवा तासातासाला वाढतंय, त्यासाठी सर्जनला फोन करायचा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. खाली जे काही सांगितलंय ते या कसोटीला धरूनच आहे. तुमच्या सर्जननं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. आत नेमकं काय आणि कुठे केलंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

घरी जाण्याआधी विचारून घ्या

इम्प्लांट स्नायूच्या वर बसवलंय की खाली, हा पहिला प्रश्न. पुढच्या दुखण्याचा बराचसा हिशेब याच उत्तरावर ठरतो. छातीचा मोठा स्नायू मधल्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. हातानं ढकलताना, ओढताना, काही कवेत घेताना हाच स्नायू आकसतो. इम्प्लांट त्याच्याखाली असेल तर त्याला आपल्याखाली नवी वस्तू सामावून घ्यायची असते, म्हणून तो पहिले काही दिवस ताठरतो आणि ओढ लागते. नुसतं दूधग्रंथीखाली, स्नायूच्या वर ठेवलेलं इम्प्लांट तुलनेनं कमी दुखतं. आजकाल बऱ्याचदा दोन्हींचा मेळ घालतात : वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली. त्यातही ओढ लागतेच.

दुसरा प्रश्न छेदाचा. तो स्तनाखालच्या घडीत असतो, स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं असतो किंवा काखेत. काखेत असेल तर हात वर करताना जास्त ताणतं, आणि जखम भरेपर्यंत डिओडरंट, वॅक्सिंग, रेझर सगळं बंद. टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायचे आहेत (काढायचे असतील तर साधारण ७ ते १४ दिवसांत), आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी ठेवलीय का, पट्टी कधी आणि कुणी काढायची, हे कागदावर लिहून घ्या. भुलीच्या गुंगीत ऐकलेलं काही लक्षात राहत नाही. बरोबर आलेल्या माणसालाही तिथे उभं करा.

ऑपरेशनच्या आधीची तयारी

तंबाखूपासून सुरुवात करू, कारण इथे एक गोष्ट हमखास सुटते. भूलतज्ज्ञ विचारतात, सिगारेट ओढता का. उत्तर येतं, नाही. मशेरीचं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही, कारण अनेक घरांत सकाळी मशेरी लावणं हे दात घासणंच समजलं जातं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, त्वचेला आणि टाक्यांच्या कडांना रक्त कमी पोचतं, जखम उसवते, स्तनाग्राची त्वचा काळी पडू शकते. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मशेरी, गुटखा, सिगारेट, व्हेप सगळं बंद. लपवू नका, सर्जन रागावतील ही भीती असेल तरीही सांगा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, त्यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ॲस्पिरिन, फिश ऑइल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल, हळदीचे अर्क यांनी रक्त पातळ होतं, म्हणून यातलं जे घेत असाल त्याची यादी द्या आणि काय कधी थांबवायचं ते विचारा. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली गोळी मात्र मनानं थांबवायची नाही. वरणातली चिमूटभर हळद आणि फोडणीतला लसूण चालतो.

घरात कमरेच्या उंचीचा एक कप्पा मोकळा करा आणि रोज लागणारं सगळं तिथे आणा : चहाची भांडी, औषधं, टॉवेल, चार्जर. वरच्या फळीवरचा डबा काढताना होणारी चूक अशी टळते. पाणी एक लिटरच्या बाटलीत न भरता अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरा, आणि झाकणं आधीच सैल करून ठेवा. घट्ट झाकण पिळताना छातीत कळ येते. समोरून बटणं किंवा चेन असलेले तीन-चार गाऊन किंवा शर्ट काढून ठेवा. डोक्यावरून घालायचे कुर्ते आणि पाठीमागे हुक असलेले ब्लाऊज दोन-तीन आठवडे कपाटात राहू द्या. थर्मामीटर, इसबगोल, ओआरएसची पाकिटं आणि पाठीला टेकू द्यायला दोन-तीन जाड उशा किंवा लोड जवळ हवेत. पोळ्यांसाठी पोळीभाजी केंद्राशी तीन आठवड्यांचं ठरवून टाका. कारण पुढे येतंच.

आणि घरातल्या निदान एका मोठ्या माणसाला खरं सांगा. हे ऑपरेशन अनेक जणी सासरी, शेजारी, ऑफिसात सांगत नाहीत. तो पूर्ण त्यांचा हक्क आहे. पण कुणालाच माहीत नसेल तर चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर पाण्याची बादली उचलावी लागते, कारण नाही म्हणायला कारण नसतं. पहिले दोन-तीन दिवस तर दुसरं माणूस रात्रंदिवस घरात हवंच.

पहिले तीन दिवस

शुद्धीवर आल्यावर छातीवर कुणीतरी जड पाट ठेवल्यासारखं वाटतं. दीर्घ श्वास घेताना पट्टा आवळल्यासारखं होतं. घशात नळी घातलेली असल्यामुळे घसा खवखवतो, मळमळतं, थंडी वाजते. आधी घोटघोट पाणी, मग पेज किंवा मऊ वरणभात. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका, मळमळ वाढते. उलटी जोरात होत असेल तर सहन करत बसू नका, थांबवायचं औषध मागा, कारण उलटीच्या जोरानं रक्तदाब वाढतो आणि आत रक्त सुटू शकतं.

दुखणं पहिल्या ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. गोळ्या घड्याळ लावून घ्या. कळ आली की घेऊ असं म्हणाल तर गोळीचा असर सुरू होईपर्यंत अर्धा-पाऊण तास तळमळावं लागतं. पॅरासिटामॉल दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही; ट्रामाडॉल या जोरदार वेदनाशामकाच्या जोडगोळीत आणि सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचून बेरीज करा. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांकडून घ्या. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनानं नको.

झोपायचं ते पाठीवर, कंबरेपासून वरचा भाग ३० ते ४५ अंशांत उचलून, गुडघ्याखाली एक उशी घेऊन. नुसती डोक्याखाली उशी घातली तर मान दुखते आणि सूज तशीच राहते. उतार कंबरेपासून हवा.

उठायचं कसं, हे ऑपरेशनच्या आधीच दोन-तीनदा करून बघा, इतकं ते महत्त्वाचं आहे. सवयीनं आपण दोन्ही तळवे गादीवर रोवतो आणि रेटा देऊन उठतो. तो रेटा थेट छातीच्या स्नायूवर जातो. त्याऐवजी दोन्ही हात पोटावर घडी घालून ठेवा, गुडघे वाकवा, सरकत पलंगाच्या कडेला या, पाय खाली सोडा आणि त्यांच्या वजनानं धड वर येऊ द्या. मदतीच्या माणसानं तुमचे हात धरून ओढायचं नाही. त्यानं तळहात तुमच्या पाठीमागे, दोन खांद्यांच्या मधोमध ठेवून वर ढकलायचं. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर तीन आठवडे पलंग किंवा दिवाण बघा. जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणं या दिवसांत फार अवघड जातं.

संध्याकाळपासूनच चाला. खोलीतल्या खोलीत पाच मिनिटं, जागेपणी दर दोन तासांनी. अंथरुणावर असताना घोटे गोल फिरवा. पायात गुठळी होऊ नये आणि फुप्फुसं मोकळी राहावीत, यासाठी हे आहे. दर तासाला आठ-दहा दीर्घ श्वासही घ्या, ओढ लागली तरी.

बर्फ लावायचा असेल तर विचारून, पातळ कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं आणि स्तनाच्या बाजूला. शेक मात्र अजिबात नको : गरम पाण्याची पिशवी नको, तव्यावर तापवलेलं फडकं नको, ओव्याची पुरचुंडी नको. स्तनाची त्वचा या दिवसांत बधिर असते. भाजलं तरी कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. प्रेमानं कुणी हळद-तेलाचा लेप घेऊन आलं तरी नम्रपणे नाही म्हणा. टाक्यांवर घरातलं काहीही लावायचं नाही.

पोट साफ होणं

ट्रामाडॉलसारख्या गोळ्या, भूल आणि झोपून राहणं, तिन्हींनी बद्धकोष्ठ होतं. कुंथलं की छातीत दाब वाढतो. पहिल्या रात्रीपासून दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून घ्या. पाणी कमी घेतलंत तर उलटं अडकतं. तीन दिवसांत पोट साफ झालं नाही तर लॅक्टुलोजसारखं औषध विचारून घ्या. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर मेडिकलवाल्याकडे भाड्यानं कमोड खुर्ची मिळते का बघा, कारण उकिडवं बसून भिंतीच्या आधारानं उठताना सगळा भार हातांवर येतो.

अंघोळ

बहुतेक सर्जन ४८ ते ७२ तासांनी अंघोळीला परवानगी देतात. काहींची पट्टी पाणी न जाणारी असते, काही आठवडाभर ओलं करू देत नाहीत. शॉवर असेल तर पाठ पाण्याकडे करून उभं राहा, धार थेट स्तनांवर नको. बादली-तांब्याची अंघोळ मात्र नीट आखावी लागते. भरलेला तांब्या डोक्यावर नेऊन ओतणं म्हणजे हात खांद्याच्या वर आणि त्यात लिटरभर वजन. उंच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसा (पाटावर नको), बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवून घ्या, आणि अर्धा भरलेला छोटा मग कमरेखाली स्वतः घ्या. वरचं पाणी दुसऱ्या कुणीतरी खांद्यावरून सोडायचं. पाणी कोमट. कढत पाण्यानं रक्तदाब उतरतो आणि ब्रा काढलेल्या क्षणी चक्कर येते. पहिल्या अंघोळीला दाराला आतून कडी घालू नका. नंतर जखमेवर मऊ स्वच्छ कापड टेकवून टिपा, घासू नका, टाल्कम पावडर टाकू नका. केस पहिले दहा दिवस दुसऱ्यानं धुवावेत.

ब्रा

सपोर्ट ब्रा तारेशिवाय, समोरून हूक किंवा चेन असलेली, आणि साधारण चार ते सहा आठवडे अंघोळीची वेळ सोडून दिवसरात्र. खालच्या पट्ट्यात दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. सरकत नसतील तर पट्टा रुततो आणि छेद घडीत असेल तर नेमका त्यावरच घासतो. सूज रोज बदलते, म्हणून हुकांच्या तीन-चार रांगा असलेली घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात आणि मे महिन्यात, एका ब्रानं भागत नाही : तीन असू द्या, रोज धुतलेली घाला, पट्ट्याखाली पातळ सुती कापड ठेवा. पट्ट्याखाली खाजरी लाल पुरळ आली तर तो घामाचा त्रास असू शकतो किंवा पट्टीच्या चिकटपणाची ॲलर्जी. फोटो पाठवून विचारा.

काही सर्जन स्तनांच्या वर एक रुंद इलास्टिकचा पट्टा बांधायला देतात, इम्प्लांट वर चढलेलं असेल तर ते खाली बसावं म्हणून. तसं सांगितलं असेल तरच बांधा. मालिशचंही तेच. काही प्रकारांत सर्जन स्वतः शिकवतात, काहींत मालिशनं नुकसान होतं. व्हिडिओ बघून सुरू करण्याची गोष्ट नाही.

पहिला महिना आणि स्वयंपाकघर

पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत बरंच हलकं वाटू लागतं, आणि नेमक्या याच सुमारास जास्तीत जास्त चुका होतात. दुखणं ओसरलेलं असतं, पण इम्प्लांटभोवतीची पोकळी अजून कच्ची असते. बसून करायचं काम पाच ते सात दिवसांत सुरू करता येतं; उभ्याचं, वजनाचं काम असेल तर तीन-चार आठवडे धरा.

पहिले दोन आठवडे दोन-अडीच किलोपेक्षा जास्त उचलू नका. आकडा डोळ्यापुढे येत नसेल तर असं बघा : पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कुकर, दळण आणलेला डबा, भरलेली कळशी, गॅसचं सिलिंडर हे सगळं हद्दीबाहेर. दोन दुधाच्या पिशव्या चालतील.

वजन सोडून जे त्रास देतं ते जास्त फसवं असतं. कणीक मळताना तळव्यानं गोळा परातीत दाबून पुढे लोटायचा, हेच छातीच्या स्नायूचं मुख्य काम. पोळी लाटणंही तेच, फक्त हलकं वाटतं म्हणून लक्षात येत नाही. दहाव्या पोळीला एका बाजूला टोचायला लागतं, आणि संध्याकाळी ती बाजू सुजलेली असते. तीन आठवडे दोन्ही नको, आणि नंतरही दोन-तीन पोळ्यांपासून सुरुवात. नारळ खवणं, कपडे पिळणं, उंच दोरीवर वाळत घालणं, लादी हातानं पुसणं, मिक्सरच्या भांड्याचं घट्ट झाकण, कुकरचं अडकलेलं झाकण, सरकत्या कपाटाचं जड दार ही सगळी याच पंक्तीत. उभं राहून भाजी चिरणं, फोडणी देणं, भात लावणं दुसऱ्या आठवड्यात बहुतेक जणींना जमतं, कोपर अंगाशी ठेवून.

कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, असं बहुतेक ठिकाणी पहिले एक-दोन आठवडे सांगतात. काही सर्जन उलट पहिल्या दिवसापासून हात सावकाश वर न्यायला लावतात, खांदे आखडू नयेत म्हणून. दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे मैत्रिणीला काय सांगितलं याच्याशी आपली तुलना करू नका. खांदे मागे-पुढे गोल फिरवणं मात्र सगळ्यांनीच करावं. ओढ लागते म्हणून अंग आपोआप पुढे वाकतं, आणि आठवडाभरात पाठ भरून येते.

लहान मूल असेल तर सगळ्यात अवघड हेच. दहा-बारा किलोचं मूल चार ते सहा आठवडे उचलायचं नाही. तुम्ही आधी सोफ्यावर बसा, छातीशी एक उशी धरा आणि मुलाला स्वतः चढून शेजारी बसू द्या. झोपेत लाथ लागते, म्हणून रात्री वेगळं झोपवा.

मीठ दोन आठवडे हात राखून : पापड, लोणचं, फरसाण यांनी सूज रेंगाळते. डाळ, अंडी, पनीर, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या.

गाडी, लोकल, विमान

चारचाकी चालवायची ती गुंगीच्या गोळ्या पूर्ण थांबल्यावर आणि स्टिअरिंग अचानक पूर्ण फिरवताना कळ येत नसेल तेव्हाच. साधारण एक-दोन आठवडे. सीटबेल्ट लावायचाच, त्याच्या आणि छातीच्या मध्ये घडी केलेला मऊ टॉवेल ठेवून. स्कूटर चालवताना खड्ड्यांचा हादरा, गाडीचा तोल आणि शेवटी ती डबल स्टँडवर घेणं, तिन्हींचा ताण येतो. चार आठवडे तरी थांबा. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी दोन धोके एकदम असतात, वर कडीला लटकलेला हात आणि समोरून बसणारं कोपर. तीन-चार आठवडे गर्दीच्या वेळा टाळा, जमलं तर घरून काम घ्या.

परदेशात राहणाऱ्या काही जणी मुंबई-पुण्यात येऊन ऑपरेशन करून घेतात. परतीचं तिकीट दोन आठवड्यांच्या आतलं काढू नका. लांबच्या विमानप्रवासात गुठळीचा धोका वाढतो, आणि टाके, संसर्ग, रक्त साठणं हे जे काही व्हायचं ते बहुधा याच काळात होतं. बाराव्या तासाला विमानात बसलेल्या बाईला कोणताच सर्जन तपासू शकत नाही.

अंगात जाणवणारं विचित्र काही, जे बहुधा ठीकच असतं

सकाळी उठल्यावर अर्धा तास छाती दगडासारखी घट्ट वाटते. रात्रभर न हललेला स्नायू आणि साचलेलं पाणी यांमुळे हे होतं. चार-सहा आठवडे टिकतं, उठून फिरलं की सैलावतं.

आतून खळखळ आवाज येतो, अर्ध्या भरलेल्या बाटलीसारखा, किंवा बोटानं रबर घासल्यासारखी चिरचिर होते. पोकळीत थोडी हवा आणि द्रव राहिलेला असतो. दोन-चार आठवड्यांत शरीर तो शोषून घेतं.

दुसऱ्या आठवड्यापासून विजेचा झटका बसावा तशी क्षणभराची कळ, मुंग्या, जळजळ. ताणल्या गेलेल्या नसा पुन्हा जाग्या होतात त्याची ही खूण. स्तनाग्रं एक तर बधिर असतात किंवा इतकी नाजूक की गाऊनचं कापड सहन होत नाही. महिन्या-दोन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत यात फरक पडत जातो. काहींमध्ये थोडा बधिरपणा कायम राहतो, हेही मनाची तयारी म्हणून माहीत असू द्या.

स्तनाखालून पोटाकडे जाणारी, ताणलेल्या सुतळीसारखी एक दोरी त्वचेखाली लागते. हात वर केला की ती उठून दिसते. वरवरची शीर गोठल्यानं असं होतं, आणि काही आठवड्यांत ती आपोआप विरते. ही एकाच बाजूला असते, त्यामुळे आपल्या कसोटीला धरून सर्जनला दाखवाच. पण घाबरू नका.

सूज आणि काळंनिळं खाली सरकून पोटाच्या वरच्या भागावर येतं. वजनकाट्यावर किलो-दीड किलो जास्त दिसतं, ते पाणी असतं. पाळी पुढेमागे होते. आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अनेकींना कारण नसताना रडू येतं, का केलं हे असं वाटतं. भूल, गोळ्या, अपुरी झोप आणि सुजलेलं अनोळखी शरीर, सगळं एकत्र येतं. या दिवसांत आरशासमोर निर्णय घेऊ नका. दोन आठवड्यांनंतरही मन खालीच राहिलं तर डॉक्टरांना सांगा, तेही उपचाराचंच काम आहे.

आरशात काय दिसेल

पहिल्या महिन्यात स्तन उंच, चौकोनी, वरून फुगलेले आणि चमकदार ताणलेल्या त्वचेचे दिसतात. स्तनाग्र खाली बघत असल्यासारखं वाटतं. स्नायू सैलावला आणि खालची त्वचा ताणली गेली की इम्प्लांट हळूहळू जागेवर बसतं. यालाच इम्प्लांट बसणं म्हणतात. सहा आठवड्यांत बरीचशी सूज जाते, तीन महिन्यांत आकार कळू लागतो, सहा महिन्यांत जवळपास पक्का होतो. दोन बाजू एकदम बसत नाहीत. ज्या हातानं जास्त काम करता त्या बाजूचा स्नायू मोठा असतो आणि ती बाजू अनेकदा मागे राहते. हा एकतर्फी फरक आठवड्यांच्या गतीनं चालतो, दुखत नाही, तापत नाही. म्हणून तो वेगळा. रोज सकाळी एकाच जागी, एकाच उजेडात एक फोटो काढून ठेवा. रोजच्या डोळ्याला न दिसणारा बदल त्यात दिसतो, आणि रात्री फोनवर सर्जनला काल-आजचा फरक दाखवता येतो. नव्या मापाच्या महागड्या ब्रा तीन महिन्यांआधी विकत घेऊ नका.

फोन करायचा तो कधी

एक स्तन काही तासांत दुसऱ्यापेक्षा स्पष्ट मोठा, टणक, जांभळा आणि ठणकणारा झाला : आत रक्त साठतंय. हे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, पण पंधरा दिवसांपर्यंत, विशेषतः काही उचलल्यावर, होऊ शकतं. लगेच रुग्णालयात जा, आणि वाटेत काही खाऊ-पिऊ नका, कारण पुन्हा भूल द्यावी लागू शकते.

ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर, एका स्तनावर पसरत जाणारी लाली, टाक्यांतून पू किंवा वास येणारं पाणी : संसर्ग. पहिल्या दोन दिवसांतली हलकी कणकण वेगळी. पाचव्या दिवसानंतर नव्यानं आलेला ताप मात्र अंगावर काढायचा नाही. उरलेली अँटिबायोटिक्स मनानं सुरू केली तर चित्र झाकलं जातं आणि इम्प्लांट काढावं लागण्याची पाळी येते.

जखमेच्या फटीतून आतलं काही चमकताना दिसलं, तर स्वच्छ ओलसर गॉझ ठेवून तडक निघा.

एका पोटरीत दुखणं आणि सूज आली तर त्याच दिवशी तपासा. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत सुरी खुपसल्यासारखं झालं, तर महाराष्ट्रात १०८ ला फोन, सर्जनला नंतर.

व्यायाम, व्रण आणि पुढची वर्षं

चालणं पहिल्या दिवसापासून, भरभर चालणं दोन-तीन आठवड्यांनी, पायांचे व्यायाम चार आठवड्यांनी. धावणं आणि पोहणं सहा आठवड्यांनी, जखम पूर्ण मिटलेली असेल तर. सूर्यनमस्कारात दंड काढण्याची स्थिती आणि भुजंगासन यांत शरीराचा भार छातीच्या स्नायूवर येतो. या दोन्हींना, आणि जिममधल्या चेस्ट प्रेसला, आठ ते बारा आठवडे थांबा. स्नायूखालचं इम्प्लांट असेल तर छाती ताठ केल्यावर स्तन हललेला दिसेल. हे त्या जागेमुळे होतं, व्यायामानं ते जात नाही. पोटावर झोपणं सहा ते आठ आठवड्यांनी.

व्रण आधी लाल किंवा गडद आणि थोडा वर आलेला दिसतो, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात वाईट. मग फिकटतो, वर्ष-दीड वर्ष लागतं. जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉनची चकती दिवसाचे बारा तास किंवा जास्त, दोन-तीन महिने लावा. आपल्या त्वचेत व्रण गाठीसारखा वाढण्याकडे कल जास्त असतो. कान टोचल्यावर गाठ आली असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगा.

इम्प्लांटभोवती शरीर पातळ आवरण प्रत्येकीमध्येच तयार करतं. काहींमध्ये ते जाड होऊन आवळतं, बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत. स्तन कडक होत जातो, वर चढतो, पुढे दुखतो. महिन्यातून एकदा पडून दोन्ही बाजू चाचपून बघण्याची सवय असली तर हे लवकर कळतं. एक वर्ष उलटून गेल्यावर एक स्तन अचानक सुजला तर तो पाळीमुळे असेल असं समजून सोडू नका. इम्प्लांटभोवती पाणी साठलंय का याची सोनोग्राफी करा आणि ते पाणी तपासायला द्या. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) याच रूपात समोर येतो. त्यामुळेच ॲलर्गन कंपनीनं २०१९ मध्ये आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून मागे घेतले.

सिलिकॉन जेलचं इम्प्लांट आत फाटलं तर बाहेरून अनेकदा काहीच कळत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि उपकरण नियामक संस्थेनं २०२० मध्ये सुचवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करायची. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, कधीतरी बदलावं किंवा काढावं लागेल, हे खर्चाच्या हिशेबात आजच धरा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही, आणि तिच्यातून उद्भवलेल्या त्रासाचे दावेही बहुतेक वेळा नाकारले जातात. मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) गेल्यावर इम्प्लांट असल्याचं तंत्रज्ञाला आधी सांगा. इम्प्लांट मागे सारून जास्तीचे फोटो काढावे लागतात.

ऑपरेशन थिएटरमधून एक छोटं कार्ड मिळतं. त्यावर कंपनी, प्रकार, माप सीसीमध्ये, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे अनुक्रमांक आणि लॉट नंबर असतो. मिळालं नसेल तर मागून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, एक प्रत घरातल्या त्या एका माणसाकडे द्या. दहा वर्षांनी रुग्णालय जागा बदललेलं असेल, सर्जन निवृत्त झालेले असतील. तेव्हा आत नेमकं काय आहे हे सांगणारा तेवढाच कागद उरतो.